आधी स्पंज शोधा, मग गोगलगाय

रोस्टँगा पुल्क्रा ही उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आढळणारी बिनशंखाची समुद्री गोगलगाय. लांबी बहुधा एक-दोन सेंटिमीटर, फार तर तीन. रंग बहुधा शेंदरी ते तांबडा. ती लाल स्पंजावर राहते, तोच खाते आणि अंडीही त्याच्यावरच किंवा त्याच्या आसपास घालते. तिच्याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या किनाऱ्यावर तीन वेळा ओहोटीला गेलो. इतर गोगलगायी दिसल्या, पण रोस्टँगा एकदाही नाही. नक्की कुठे बघायचं?

तुम्ही गोगलगाय शोधत होतात, म्हणून दिसली नाही. स्पंज शोधा. या जातीचा मुख्य स्पंज म्हणजे क्लॅथ्रिया पेन्नाटा. तो खडकावर लेप दिल्यासारखा पसरतो, जाडी जेमतेम काही मिलिमीटर. रंग पोवळ्यासारखा लाल, पृष्ठभाग मखमली. त्यावर पाणी बाहेर सोडणारी बारीक छिद्रं दाटीने असतात आणि प्रत्येक छिद्राभोवती ताऱ्याच्या किरणांसारख्या रेषा दिसतात. ही तारकांची नक्षी एकदा डोळ्यांत बसली की दहा फुटांवरूनही स्पंज ओळखू येतो.

उन्हात उघड्या पडलेल्या खडकाच्या माथ्यावर तो सापडायचा नाही. कपारीच्या आतल्या बाजूला, पुढे झुकलेल्या खडकाच्या पोटाखाली, उभ्या भिंतीच्या सावलीत बघा. त्यासाठी ओहोटीही चांगली खोल लागते. तिकडच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात शून्य म्हणजे रोजच्या दोन ओहोट्यांपैकी जी जास्त खाली जाते तिची सरासरी पातळी. तक्त्यात उणे एक फूट किंवा त्याहून खालचा आकडा असेल तो दिवस धरा, म्हणजे उधाणाची ओहोटी. कॅलिफोर्नियात वसंत-उन्हाळ्यात ही वेळ पहाटे येते, हिवाळ्यात दुपारनंतर. नीचांकाच्या तासभर आधी पोचा आणि पाणी उतरेल तसं त्याच्या मागोमाग खाली सरका. पाणी फिरलं की परत निघायचं. समुद्राकडे पाठ करून वाकू नका, त्या किनाऱ्यावर अचानक मोठी लाट येऊन माणसं ओढली गेली आहेत.

स्पंज सापडला की लगेच पुढे जाऊ नका. विजेरी समोरून न धरता कडेने, खडकाला जवळपास समांतर धरा. समोरच्या प्रकाशात लाल स्पंजावरची लाल गोगलगाय सपाट होऊन विरघळून जाते. तिरप्या प्रकाशात मात्र तिच्या पाठीची सावली पडते. तीन खुणा बघा. पहिली, तारकांची नक्षी एखाद्या लांबट ठिपक्यापुरती तुटलेली असते, कारण तिथे स्पंज नसून गोगलगाय बसलेली असते. दुसरी, स्पंजात उथळ, फिकट खळगा किंवा चर दिसतो. तो तिने खरवडलेला असतो आणि पुष्कळदा ती त्याच्या टोकाला असते. तिसरी आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे अंड्यांची लाल फीत. ती दिसली तर तळहाताएवढ्या परिसरात पाच मिनिटं तरी नजर फिरवा.

पाण्याबाहेर असताना ती अंग आखडून बसते, कल्ले आत ओढलेले असतात आणि ती जेमतेम फुगवट्यासारखी दिसते. शक्य असेल तर पाण्यात बुडालेला स्पंज निवडा.

प्रश्न : फोटो ओळखणाऱ्या ॲपने माझ्या फोटोला एकदा रोस्टँगा म्हटलं, एकदा अल्डिसा. कोणतं खरं मानायचं?

दोन्ही लाल, दोन्ही स्पंजखाऊ, त्यामुळे ॲप चकतं यात नवल नाही. अल्डिसा सँग्विनिया हिच्या पाठीवर मधल्या रेषेत ठळक काळे ठिपके असतात, बहुधा दोन. रोस्टँगाच्या पाठीवर असलेच तर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळपट कण असतात. मात्र ठिपक्यांवर सगळी भिस्त ठेवू नका, ते फिके पडतात.

खरी ओळख डोक्यावरच्या शिंगांवरून पटते. त्यांना ऱ्हायनोफोर म्हणतात, गोगलगाय त्यांनी पाण्यातला वास घेते. बहुतेक डोरिड गोगलगायींत (पाठीच्या मागच्या भागात कल्ल्यांचा झुपका असलेला, हिचाच गट) या शिंगावर बश्यांची चळत तिरकी ठेवल्यासारख्या आडव्या पापुद्र्यांच्या रांगा असतात. रोस्टँगाचं शिंग बुटकं असतं, पापुद्रे जवळपास उभे असतात आणि टोकाला एक गुळगुळीत बोंडासारखी दांडी वर आलेली असते. एवढं दिसलं की प्रजातीगटाबद्दल शंका राहत नाही.

दुसरी खूण पाठीची. भिंगाखाली ती मखमलीसारखी दिसते, कारण तिच्यावर सूक्ष्म उंचवट्यांची दाटी असते. प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध स्पर्शज्ञानाची गोल गाठ आणि तिच्याभोवती कुंपणासारख्या उभ्या सुया असतात. साध्या फोटोत हे सुटं दिसत नाही, नुसता मखमली पोत दिसतो.

म्हणून फोटो काढताना वरून एक आणि डोक्याच्या बाजूने, प्राण्याच्या पातळीवर कॅमेरा आणून दोन-तीन घ्या. तिने शिंगं बाहेर काढेपर्यंत थांबा. एक फोटो थोडा लांबून, खालचा स्पंज स्पष्ट दिसेल असा घ्या. ओळख पटवणाऱ्याला त्याचा उपयोग गोगलगायीच्या फोटोइतकाच होतो.

याच फोटोंत हमखास होणारी चूक म्हणजे लाल रंग फुटणं. एकूण प्रकाश बरोबर वाटतो, पण लाल वाहिनी टोकाला जाऊन भिडते, मग पाठ एकसारखी चपटी लाल येते आणि पोत नाहीसा होतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे आलेख बघा. लाल आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. ओल्या पाठीवरची चकाकी फ्लॅशसमोर पातळ पांढरा कागद धरून बरीच कमी होते.

प्रश्न : तिचा लाल रंग स्वतःचा की स्पंजाचा? पिवळ्या स्पंजावर ठेवली तर ती पिवळी होईल का?

रंग स्पंजाचा. स्पंजातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं अन्नातून तिच्या शरीरात जातात आणि साठतात, अंड्यांतही उतरतात. म्हणून फीतही लाल. वेगवेगळ्या छटांच्या स्पंजांवर मिळालेल्या गोगलगायींच्या छटाही त्यामुळेच पिवळसर तपकिरीपासून गडद तांबड्यापर्यंत बदलतात.

पण ‘पिवळ्यावर ठेवली तर’ हा प्रयोग बहुधा रंगापर्यंत पोचणारच नाही. ती पार्श्वभूमी बघून रंग बदलत नाही, रंग बदलायचा तर आधी ते खायला हवं. आणि खाण्याच्या बाबतीत ती चोखंदळ आहे. क्लॅथ्रिया पेन्नाटाखेरीज अकार्नस एरिथॅकस आणि आणखी काही लाल लेपस्पंजांवर ती सापडते, पण दिसेल त्या स्पंजाला तोंड लावत नाही. नको त्या स्पंजावर ठेवली तर ती उठून चालू लागेल.

प्रश्न : आमच्या थंड पाण्याच्या टाकीत एक रोस्टँगा ठेवावी म्हणतो. काय लागेल?

ठेवू नका. कॅलिफोर्नियात भरतीरेषेपासून ओहोटीरेषेच्या पुढे १,००० फुटांपर्यंतच्या पट्ट्यातून नियमांच्या यादीतले प्राणी सोडून इतर अपृष्ठवंशी प्राणी घेता येत नाहीत आणि बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी त्या यादीत नाहीत. संरक्षित क्षेत्रांत नियम याहून कडक आहेत.

परवाना असला तरी अडचण वेगळीच आहे. ती सुकं खाद्य, कोळंबीचा चुरा, शेवाळ यांतलं काहीच खात नाही. म्हणजे तुम्हाला खरं तर स्पंज पाळावा लागेल. स्पंज पाण्यातून सूक्ष्म जीव आणि कण गाळून जगतो. घरच्या टाकीचं चांगलं गाळलेलं स्वच्छ पाणी म्हणजे त्याच्यासाठी उपासमार. तो कडेपासून करडा पडत कुजतो, पाणी नासवतो, आणि खायला काही न उरल्याने गोगलगाय आकसत जाते. ती लगेच मरत नाही, म्हणूनच लोकांना वाटतं की आपल्याकडे छान रुळली आहे.

प्रश्न : ती ज्या स्पंजावर बसली आहे तोच खाते आहे, हे सिद्ध कसं करायचं? नुसतं बसणं हा पुरावा म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आनंद वाटला. पुष्कळ नोंदींत ‘सापडली’ आणि ‘खाते’ यांची गल्लत होते. पुरावा तिच्या विष्ठेत असतो. स्पंजाचा सांगाडा सिलिकेच्या सूक्ष्म सुयांचा असतो. त्या पचत नाहीत, गोगलगायीच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात. स्पंजातल्या सुया आणि विष्ठेतल्या सुया जुळल्या की झालं.

हे काम परवाना असलेल्या अभ्यासगटातूनच करा. कृती अशी. गोगलगाय स्वच्छ, गाळलेल्या समुद्रपाण्याच्या छोट्या वाटीत थंड जागी रात्रभर ठेवा आणि सकाळी मूळ जागी सोडा. वाटीच्या तळाशी पडलेल्या लेंड्या ड्रॉपरने उचला. तिच्याखालच्या स्पंजाचा दोन-तीन मिलिमीटरचा कपचा वेगळ्या नळीत घ्या. दोन्ही नळ्यांत घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, नमुना बुडेल इतकं घाला. अर्ध्या तासापासून काही तासांत मांसल भाग विरघळतो आणि तळाशी पांढरट भुकटी उरते. त्या सुया.

आता धुणं, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. नळी पाण्याने भरा, दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवा, वरचं पाणी ड्रॉपरने हलकेच काढा. असं चार वेळा. घाई करून नळी उपडी केली तर जाड सुया राहतात आणि बारीक सुया वाहून जातात. ओळख बहुतेक वेळा या बारीक सुयांवरूनच पटते. धुणं अपुरं राहिलं तर काचपट्टी वाळताना मिठाचे चौकोनी स्फटिक तयार होतात आणि नवशिक्याला तेही सांगाड्याचे भाग वाटतात. शेवटचं धुणं ९५ टक्के अल्कोहोलने करा, एक थेंब काचपट्टीवर वाळवा, आधी १०० पट आणि मग ४०० पट मोठं करून बघा. दोन्ही नमुन्यांना ड्रॉपर वेगवेगळे वापरा. एकच वापरला तर सुया जुळणारच, पण त्या जुळणीला काही अर्थ नाही.

क्लॅथ्रिया पेन्नाटात एक टोक बोथट आणि दुसरं अणकुचीदार अशा सरळसोट सुया दिसतात, आणि त्यांच्यात धनुष्यासारख्या वाकलेल्या बारीक सुया. अकार्नसमध्ये याखेरीज टोकाला गळासारखे वळलेले आकडे असलेल्या सुया असतात. त्या एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत. असे आकडे विष्ठेत दिसले आणि खालच्या स्पंजात नसले, तर ती आदल्या दिवशी दुसरीकडे जेवून आली आहे असं समजा.

एक बारकावा. गोगलगायीच्या स्वतःच्या त्वचेतही सुया असतात, पण त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या. चुकून त्वचेचा तुकडा नमुन्यात आला तर शंका फेडायला पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका. गोगलगायीच्या सुया बुडबुडे सोडत विरघळतात, स्पंजाच्या तशाच राहतात. मात्र व्हिनेगर टाकण्यापूर्वी ब्लीच पूर्ण धुऊन गेलेलंच हवं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे. खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचच्या बाटलीजवळ व्हिनेगर आणूच नका.

प्रश्न : स्पंजावर लाल गुंडाळी दिसली. अंडी की स्पंजाचाच भाग?

अंडी. फीत कडेवर उभी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि एक कड स्पंजाला किंवा खडकाला चिकटलेली असते. भिंगातून बघितलं तर पारदर्शक जेलीत दाण्यांसारखी अंडी दिसतात. स्पंजात असे दाणे दिसत नाहीत. या गोगलगायी उभयलिंगी असल्याने जोडीतली कोणतीही अंडी घालू शकते. फीत सोडवू नका, जेली फाटली की जंतू आत शिरतात.

प्रश्न : मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या प्रयोगशाळेत रोस्टँगाच्या अळ्या वाढवायच्या आहेत. पहिल्या खेपेला आठवड्यात सगळ्या मेल्या. कुठे चुकलं?

पत्रात तुम्ही लिहिलंय की अळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगताना दिसल्या. तिथेच उत्तर आहे. प्रौढ गोगलगायीला शंख नसला तरी अळीला असतो आणि त्या शंखावर पाणी टिकत नाही. अळी पृष्ठभागाला टेकली की पाण्याच्या पृष्ठताणात अडकते, खाली येऊ शकत नाही आणि उपाशी मरते. उपाय जुना आणि साधा आहे. सेटिल अल्कोहोलची चिमूटभर पूड पृष्ठभागावर भुरभुरा, म्हणजे तिचा पातळ थर बनतो आणि अळ्या अडकत नाहीत. पाण्यातून हवेचे बुडबुडे सोडत असाल तर तेही बंद करा, बुडबुड्यांना चिकटूनच अळ्या वर जातात.

वेळापत्रक लक्षात ठेवा. चिया आणि कॉस या संशोधकांनी १९७८ साली या जातीची वाढ तपशिलात मांडली. १० ते १५ अंश सेल्सिअसला अंड्यांतून अळ्या बाहेर यायला साधारण १६ दिवस लागतात आणि त्यानंतर तळाला बसून गोगलगाय होण्यासाठी तयार व्हायला आणखी ३५ ते ४० दिवस. म्हणजे जवळपास दोन महिन्यांचं काम. एवढे दिवस अळीला स्वतः खावं लागतं, अंड्यातल्या शिदोरीवर ती हा पल्ला गाठत नाही. आयसोक्रायसिस गॅल्बाना आणि पाव्हलोव्हा लुथेरी या एकपेशीय शैवलांचं मिश्रण द्या. मिलिलिटरला सुमारे दहा हजार पेशींपासून सुरुवात करा. पाणी स्पष्ट हिरवट-तपकिरी दिसत असेल तर तुम्ही जास्त घालताय. उरलेलं शैवल तळाशी कुजतं, मग तिथे एकपेशीय शिकारी माजतात. दर दोन-तीन दिवसांनी अळ्या बारीक जाळीवर धरून, जाळी सतत पाण्यातच ठेवून, स्वच्छ भांड्यात हलवा. जाळी क्षणभर जरी पाण्याबाहेर आली तरी पुन्हा तरंगण्याचा तोच घोळ.

जेलीची फीत मूळ स्पंजाच्या तुकड्यासकट आणली असेल तर अळ्या बाहेर पडताच तो तुकडा काढा. नंतर डोळ्यांचे ठिपके स्पष्ट दिसू लागले, पायाचा पुढचा भाग वाढला आणि अळ्या तळाशी रांगू लागल्या की ताज्या क्लॅथ्रिया पेन्नाटाचा छोटा तुकडा ठेवा. हा स्पंज भेटला की अळी बसते, पोहण्याचा पडदा आणि शंख टाकते आणि गोगलगाय होते. दुसरा कोणताही लाल स्पंज चालेल असं धरून चालू नका, आणि कुजायला लागलेला तुकडा तर मुळीच ठेवू नका.

प्रश्न : एका पुस्तकात स्पंजाचं नाव ऑफ्लिटास्पाँजिया पेन्नाटा, दुसऱ्यात क्लॅथ्रिया पेन्नाटा. दोन स्पंज आहेत का?

एकच. पहिलं जुनं नाव, दुसरं आताचं. जुने शोधनिबंध वाचताना दोन्ही नावांनी शोधा, कारण रोस्टँगावरचं बरंचसं काम जुन्या नावाखाली आहे. गोगलगायीच्या नावाचा मात्र असा गोंधळ नाही. फ्रँक मॅकफार्लंड यांनी माँटेरे उपसागरातल्या डोरिड गोगलगायींबद्दल लिहिताना १९०५ साली दिलेलं रोस्टँगा पुल्क्रा हे नाव आजही तसंच आहे. पुल्क्रा म्हणजे लॅटिनमध्ये सुंदर.

प्रश्न : फोटोसाठी तिला बोटाने उचलून उजेडात ठेवलं तर चालेल का?

नको. तिचा पाय स्पंजाला घट्ट धरून असतो, ओढताना कड फाटते. शिवाय स्पंजापासून दूर ठेवलेल्या गोगलगायीला परतीची वाट वासावरून शोधावी लागते. वाहत्या पाण्यात स्पंजाचा वास धरून ती त्या दिशेने वळते, पण उतरत्या पाण्यात कोरड्या खडकावर तो वास येणार कुठून? उजेड कमी पडत असेल तर आरशाचा छोटा तुकडा न्या आणि बाहेरचं ऊन कपारीत वळवा.